न विचारता लावलेली तारीख

बँकेच्या नोकरीत 'डिफॉल्ट' हा शब्द आम्ही जवळजवळ शिवीसारखा वापरत असू. हप्ता थकला, नोटीस गेली, की माणूस 'डिफॉल्टर' झाला. पुढे शाखेत कॉम्प्युटर आले आणि तोच शब्द अगदी निराळ्या अर्थाने कानावर पडू लागला. कॉम्प्युटरच्या भाषेत डिफॉल्ट म्हणजे तुम्ही काहीच सांगितले नाही, तर यंत्र आपल्या मनाने जे धरून चालते ते. सरकारी मराठीत त्याला 'पूर्वनिर्धारित' असा भारदस्त प्रतिशब्द आहे. पूर्वी कोणी निर्धारित केले, हे मात्र त्या शब्दात नाही.

घरात नवा मोबाइल येतो तेव्हा सुरुवातीलाच तो दोन-चार प्रश्न विचारतो. भाषा कोणती, देश कोणता, घड्याळ बारा तासांचे की चोवीस तासांचे. आपण चष्मा शोधेपर्यंत दुकानातल्या मुलाने चार वेळा 'पुढे' दाबलेले असते. त्या चार बोटांत आपले वर्ष कुठे सुरू होते, दिवस कधी बदलतो, महिना आधी लिहायचा की तारीख, हे सगळे ठरून गेलेले असते. ठरले ते बहुधा सोयीचेच असते, म्हणून आपली तक्रार नसते. पण वेळ आणि तारीख ही निसर्गाने दिलेली वस्तू नसून कोणीतरी लावून दिलेली गोष्ट आहे, हे कर्जत-खालापूरच्या मुलखात राहणाऱ्या माणसाला तरी विसरता येऊ नये. इथे ती एकदा नव्हे, अनेकदा लावून दिली गेली आहे.

रेल्वे खोपोलीपर्यंत आली १८५६ साली. पुढचा बोरघाट खुला व्हायला १८६३ उजाडले. मधली सात वर्षे पुण्याकडे जाणारा प्रवासी खोपोलीला उतरून घाट चढत असे. त्या काळात गावोगावची वेळ ज्याची त्याची होती. सूर्य डोक्यावर आला की बारा. मुंबईची वेळ ग्रिनिचच्या पुढे ४ तास ५१ मिनिटे आणि मद्रासची ५ तास २१ मिनिटे. १८७० च्या सुमारास देशातल्या रेल्वेगाड्या मद्रासच्या वेळेवर चालवायचे ठरले, कारण मद्रासला वेधशाळा होती आणि मुंबई-कलकत्त्याच्या भांडणात ते शहर मध्यावर पडत होते. परिणाम असा, की मुंबईत घरातले घड्याळ दहा दाखवत असे तेव्हा रेल्वेचे साडेदहा. आमच्या कर्जतची सूर्याची वेळ मुंबईहून जेमतेम दोन मिनिटे पुढे. म्हणजे कर्जतच्या फलाटावर उभ्या माणसाच्या डोक्यावरचा सूर्य एक वेळ सांगत होता, आणि फलाटावरचे घड्याळ जवळजवळ अर्धा तास पुढची. गाडी मात्र फलाटावरच्या घड्याळाने सुटायची. (घाट चढायला मागून इंजिने लागेपर्यंत कर्जतला गाडी थांबते आणि तेवढ्यात वडा खाऊन होतो, ही एकच वेळ इथे कधी कोणाला समजावून सांगावी लागली नाही.)

मुंबईकरांनी हे मुकाट्याने घेतले नाही. १८८१ साली गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी मद्रासची वेळ मुंबईत सरकारी वेळ म्हणून आणली. शहराने ती जुमानली नाही आणि दोन वर्षांत तो प्रयोग गुंडाळावा लागला. १ जानेवारी १९०६ पासून ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची 'इंडियन स्टँडर्ड टाइम' देशभर लागू झाली. मुंबईच्या घड्याळांना एकदम ३९ मिनिटे पुढे जायचे होते. गिरणीकामगारांना ही सरळ पहाटेची झोप कापणे वाटली आणि त्यांनी त्यावर दंगा केला. महापालिकेने तर आपल्या घड्याळांवर 'मुंबई टाइम' कायम ठेवला आणि तो थेट स्वातंत्र्यानंतर पन्नाशीच्या दशकापर्यंत चालवला. जुन्या लग्नपत्रिकांवर मुहूर्ताशेजारी 'स्टँ. टा.' अशी अक्षरे दिसतात ती यामुळे. नाहीतर अर्धे वऱ्हाड अक्षता पडल्यावर पोचले असते.

हा इतिहास गमतीचा म्हणून सोडून देता आला असता, पण तो अजून कॉम्प्युटरच्या पोटात जिवंत आहे. जगातले बहुतेक सर्व्हर आणि मोबाइल वेळेसाठी एकाच यादीवर विसंबून असतात. कोणत्या प्रदेशात कोणत्या साली घड्याळे किती पुढे-मागे केली गेली, याची ती यादी. आर्थर डेव्हिड ओल्सन नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी १९८० च्या दशकात ती सुरू केली. पुढे पॉल एगर्ट यांनी सांभाळली आणि कित्येक वर्षे ती केवळ हौशी लोकांच्या पत्रव्यवहारावर चालली. या यादीत भारताला एकच नोंद आहे, आणि तिचे नाव 'एशिया/कोलकाता'. मुंबई त्यात नाही. मुंबईच्या अभिमानाला ठेच लागत असेल त्यांनी विंडोजचा मेनू उघडावा, तिथे चेन्नई, कोलकाता, मुंबई आणि नवी दिल्ली अशी चार नावे शेजारी शेजारी बसवली आहेत; मुळाक्षरांच्या क्रमाने, म्हणजे कोणाला राग नको.

पण नाव गौण. खरी गोष्ट अशी, की या यादीला दुसरे महायुद्ध ठाऊक आहे. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत सरकारने देशातली घड्याळे आणखी एक तास पुढे ठेवली होती. त्या तीन वर्षांत जन्मलेल्या माणसाची पत्रिका मांडताना त्याच्या जन्मवेळेतून तास वजा करावा लागतो. लग्नराशी साधारण दोन तासांनी बदलते, म्हणजे एक तासाची चूक झाली तर लग्न बदलण्याचा संभव निम्मा. पत्रिका खरी मानावी की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. माझे मत विचाराल तर मी ती कधी उघडली नाही. पण मांडायचीच तर नीट मांडावी. यादीला महायुद्ध माहीत आहे, मुंबई टाइम मात्र माहीत नाही. आजोबांच्या वहीत 'सकाळी ७ वा. १० मि., मुं. टा.' अशी नोंद असेल, आणि नातवाने ती जशीच्या तशी यंत्रात घातली, तर यंत्र शांतपणे ३९ मिनिटांची चूक करून रंगीत पत्रिका छापून देईल. त्याच्या दृष्टीने तो त्याचा दोष नाही. त्याला विचारलेच नव्हते.

आणि या यादीवर खटला कोणी भरला असेल? २०११ साली अमेरिकेतल्या एका ज्योतिषविषयक सॉफ्टवेअर कंपनीने. जुन्या वेळांची माहिती आमच्या पुस्तकातली आहे, असे तिचे म्हणणे. काही महिन्यांत तो दावा मागे घेतला गेला. जगाची घड्याळे ज्या यादीवर चालतात ती बंद पडायची वेळ आली ती कुंडल्यांपायी, हे एखाद्या कादंबरीत लिहिले असते तर संपादकाने अतिशयोक्ती म्हणून कापले असते.

वेळेचे एवढे, तर कॅलेंडरचे किती असेल! स्वातंत्र्यानंतर देशात तीसच्या आसपास पंचांगे वापरात होती. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि तिच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ रोजी भारताने आपले राष्ट्रीय कॅलेंडर स्वीकारले. तो दिवस १ चैत्र १८७९. शक शालिवाहनाचा, महिन्यांची नावे चैत्र-वैशाखच, पण महिने सूर्याचे. चैत्र दर वर्षी २२ मार्चला लागतो, लीप वर्ष असेल तर २१ ला. अधिक महिना नाही, क्षयतिथी नाही. शास्त्राच्या दृष्टीने इतके नेटके कॅलेंडर दुसरे नसेल. कॉम्प्युटरवाल्यांनाही ते आवडले, कारण गणित सोपे, आणि म्हणून सॉफ्टवेअरच्या याद्यांत 'भारतीय राष्ट्रीय कॅलेंडर' असा पर्याय इमानाने दिलेला असतो. आपला एखादा उत्साही माणूस तो निवडतो आणि गुढीपाडव्याची वाट पाहत बसतो. पाडवा तिथे नसतो. नाव आपल्या महिन्याचे, पण आतला महिना आपल्या घरातला नव्हे.

ही गफलत नुसती कल्पनेतली नाही. मी खोपोलीच्या बाजूला एका शाखेत असताना १९९७ च्या एप्रिलमध्ये एक निवृत्त शिक्षक चेक घेऊन आले. तारखेच्या जागी सुवाच्य अक्षरात '१५ चैत्र १९१९'. काउंटरवरच्या मुलाने भिंतीवरचे कॅलेंडर पाहिले. त्या वर्षी पाडवा ८ एप्रिलला होता, म्हणजे चैत्राची पंधरावी तिथी, पौर्णिमा, २२ एप्रिलची. "गुरुजी, चेक पुढच्या तारखेचा आहे, आज मिळणार नाही," तो म्हणाला. गुरुजी हसले. "बाळा, तू पंचांग बघतोस. मी भारत सरकारचे कॅलेंडर लिहिले आहे. १५ चैत्र म्हणजे ५ एप्रिल." प्रकरण माझ्या टेबलावर आले. गुरुजींचेच बरोबर होते. राष्ट्रीय शकाची तारीख घातलेला चेक बाकी सर्व ठीक असेल तर बँकेने स्वीकारावा, मात्र तो मुदतबाह्य नाही ना यासाठी इंग्रजी तारीख ताडून पाहावी, अशी रिझर्व्ह बँकेची स्पष्ट सूचना आहे. मी बोटे मोजली आणि पैसे दिले. आज तोच चेक आला तर काय होईल, याची मला धास्ती वाटते. चेकवर आता तारखेसाठी आठ चौकोन छापलेले असतात, दिवसाचे दोन, महिन्याचे दोन, वर्षाचे चार. त्यात 'चैत्र' मावत नाही. '१५०११९१९' असे लिहिले तर पाहणारा म्हणेल, शंभर वर्षांपूर्वीचा चेक! सूचना कायम आहे, चौकोनांनी ती मोडीत काढली.

बँकवाल्यांना वर्ष हलवण्याचे कौतुक नाही म्हणा. आमचे हिशेबाचे वर्ष पूर्वी जानेवारी ते डिसेंबर असे. ३१ डिसेंबरच्या रात्री जग नाचत असताना आम्ही ताळेबंद जुळवत असू. मग ते एप्रिल ते मार्च करायचे ठरले आणि मधले एक वर्ष पंधरा महिन्यांचे झाले, जानेवारी १९८८ ते मार्च १९८९. आभाळ कोसळले नाही.

दिवस कधी बदलतो, हाही तसाच करार आहे. रेल्वेचा मध्यरात्री बदलतो. १५ तारखेची ००:२० ची गाडी म्हणजे १४ च्या रात्री जेवून निघायचे, हे न कळल्याने चोवीस तास उशिरा स्टेशनवर पोचलेली कुटुंबे प्रत्येकाच्या नात्यात निघतील. पंचांगाचा दिवस सूर्योदयाला बदलतो. आणि आमच्याच रायगड जिल्ह्यात शतकानुशतके राहिलेल्या बेने इस्रायली लोकांचा सूर्यास्ताला. शुक्रवारी दिवस मावळला की त्यांचा शब्बाथ सुरू, घाणा बंद. म्हणून तर गावाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटले. गावाने त्यांचा शनिवार समजून घेतला, त्याला नाव दिले आणि तेल रविवारी आणले. मला हे फार शहाणपणाचे वाटते.

संकष्टीची गोष्ट तशीच. खालापूर तालुक्यातल्या महडच्या वरदविनायकाला चतुर्थीला गर्दी असते आणि उपास चंद्रोदयाला सुटतो. छापील कॅलेंडरात निरनिराळ्या गावांच्या चंद्रोदयाची वेगळी वेळ दिलेली असते, आपले गाव शोधायचे आणि वाचायचे. मोबाइलमधल्या पंचांगाला आपले गाव सांगितले नाही, तर ते स्वतःचे एक गाव धरून चालते, पुष्कळदा दिल्ली. खरे तर कर्जतला मुंबईचीही वेळ पुरत नाही. पूर्वेला सह्याद्रीची भिंत उभी, गणिताने उगवलेला चंद्र तिच्यावर चढून दिसायला आणखी वेळ घेतो. जुन्या बायका कॅलेंडरही पाहत आणि अंगणात जाऊन डोंगरही. आता परदेशात राहणाऱ्या लेकी-सुना इथले कॅलेंडर भिंतीला लावतात आणि न्यू जर्सीत पाडवा कधी धरायचा यावर फोन करतात. तिथि सूर्योदयाला पाहायची असेल, तर सूर्योदय कुठला, हा प्रश्न येतोच. त्या निदान विचारतात.

इतिहासातही हे पाय अडकतात. शिवाजी महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, वार शुक्रवार. त्याची इंग्रजी तारीख १९ फेब्रुवारी १६३०, आणि राज्य सरकार त्याच दिवशी जयंती करते. कोणत्याही कॉम्प्युटरला विचारा, १९ फेब्रुवारी १६३० ला वार कोणता? बहुतेक यंत्रे सांगतील, मंगळवार. शुक्रवारचा मंगळवार कसा झाला? कारण ही तारीख इंग्लंडात त्या वेळी चालू असलेल्या जुन्या, ज्युलियन कॅलेंडरातली आहे. आजच्या ग्रेगोरियन कॅलेंडराने तो दिवस १ मार्च १६३० येतो, आणि तो शुक्रवारच आहे. यंत्र आजचे कॅलेंडर मागे-मागे ताणत नेते आणि जणू ते सदासर्वकाळ होते असे धरून चालते. एखादा शाळकरी मुलगा यावरून 'शकावली चुकली' असा निबंध लिहील. चूक शकावलीची नाही.

इथपर्यंतचे सगळे, खरे सांगायचे तर, पोट भरलेल्या माणसांचे प्रश्न आहेत. चेक उद्या वटेल, उपास पंधरा मिनिटे उशिरा सुटेल. पण न विचारता लावलेल्या एका तारखेने आमच्या भागात माणसांचे नुकसान केले आहे. ती तारीख १ जून.

महाराष्ट्रातल्या कोणत्याही कचेरीत जा आणि पन्नाशीच्या पुढच्या माणसांना वाढदिवस विचारा. एक जूनवाले इतके निघतील, की त्या दिवशी प्रसूतिगृहांत जागा कशी मिळाली असेल असा प्रश्न पडावा. कारण सर्वांना माहीत आहे. शाळा जूनमध्ये उघडते, गुरुजी घरोघर फिरून पोरे गोळा करतात, आईबापांना तारीख ठाऊक नसते, पोराचे वय शाळेत बसेल असे वर्ष धरून गुरुजी १ जून लिहून मोकळे होतात. कॉम्प्युटर येण्यापूर्वी पुष्कळ वर्षे आमच्या गुरुजींनी डिफॉल्ट शोधून काढले होते. त्यात वाईट हेतू नव्हता. उलट त्या एका खोट्या तारखेने हजारो मुले शाळेत गेली.

तरी हिशेब मांडून पाहा. सरकारी नोकर ज्या महिन्यात वयोमर्यादा गाठतो, त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो. पण जन्म महिन्याच्या पहिल्या तारखेचा असेल, तर आधीच्या महिन्याच्या अखेरीस. म्हणून दर ३१ मे रोजी राज्यभर हारतुऱ्यांची झुंबड उडते. गुरुजींनी १ च्या जागी २ लिहिले असते, तर त्यातल्या प्रत्येकाला जूनचा पगार मिळाला असता. एका आकड्याची किंमत एक महिन्याचे पूर्ण वेतन.

नोकरदाराचा महिना गेला. ज्याला नोकरीच नाही त्याचे काय जाते? कर्जत आणि खालापूर तालुक्यांत ठाकूर आणि कातकरी यांच्या वाड्या आहेत. कातकरी ही केंद्र सरकारने विशेष असुरक्षित म्हणून नोंदलेल्या जमातींपैकी एक. दिवाळी झाली की यांतली पुष्कळ कुटुंबे बिऱ्हाड उचलून वीटभट्ट्यांवर जातात, पावसाच्या तोंडाला परततात. त्यांच्या घरात वेळ नाही असे नाही. 'आखाडात झाला', 'भट्टीवर असताना, होळीच्या आधी', 'मोठा पूर आला त्याच्या दुसऱ्या पावसाळ्यात', अशा नोंदी आया तोंडपाठ सांगतात आणि जरा बसून विचारले तर त्यावरून महिना नक्की काढता येतो. बसून विचारायला मात्र कोणाला सवड नसते.

मी सेवेत असताना खातेवह्यांवरची माहिती कॉम्प्युटरवर चढवायचे काम झाले. जन्मतारखेचा रकाना भरल्याशिवाय यंत्र पुढच्या पानावर जाऊ देत नसे. भरणारी मुले रोजंदारीवरची, दिवसाला अमुक इतकी खाती पूर्ण करायची. कागदावर तारीख नसली की त्यांनी आपल्या मनाने काहीतरी दाबले. पुढे मी यादी छापून घेतली तेव्हा पानेच्या पाने १ जानेवारीची होती. बँकेचे नाव घेत नाही, कारण हे एका बँकेपुरते नव्हते. आधारच्या नोंदणीतही हेच झाले. वय सांगता आले, तारीख नाही, तर यंत्रणा १ जानेवारी धरत असे. २०१७ साली हरिद्वार जिल्ह्यातल्या एका गावात शेकडो लोक एकाच दिवशी जन्मल्याची बातमी वर्तमानपत्रांत हसण्यावारी छापली गेली.

मग एका म्हातारीच्या तीन तारखा होतात. मतदार यादीत अंदाजाचे वय, आधारवर १ जानेवारी, बँकेत तिसरेच काही. श्रावणबाळ योजनेचे निवृत्तिवेतन पासष्टीला मिळते. ती पासष्ट वर्षांची आहे हे तिच्या हातांकडे पाहून कोणीही सांगेल, पण सेवा केंद्रातले यंत्र तीन कागद जुळतात का ते पाहते. जुळत नाहीत. 'दुरुस्ती करून आणा' म्हणतात. दुरुस्तीला पुरावा लागतो. पुरावा असता तर अंदाज कशाला केला असता? एक दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला यायचे आणि परत जायचे, असे चार-पाच खेपा झाल्या की म्हातारी नाद सोडते. थकबाकीदार कोण आणि थकबाकी कोणाची, हे ठरवायला माझ्यासारख्या जुन्या बँकवाल्याची गरज नाही.

माझा आक्षेप यंत्राने काहीतरी धरून चालण्याला नाही. त्यावाचून यंत्र चालणारच नाही. त्याच्या स्वतःच्या काळाचाही आरंभ असाच धरलेला आहे, १ जानेवारी १९७०, ग्रिनिचची मध्यरात्र, म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. आक्षेप आहे तो धरलेली गोष्ट आणि विचारलेली गोष्ट कागदावर सारखीच दिसते याला. गुरुजींचा १ जून आणि खरोखर १ जूनला जन्मलेल्याचा १ जून यांत वीस वर्षांनी फरक करता येत नाही. बँकेच्या जुन्या वहीत आम्ही शंका असली की पेन्सिलीने प्रश्नचिन्ह करत असू. यंत्राच्या रकान्यात पेन्सिल नाही. ती ठेवणे अशक्य आहे असेही नाही. सुरुवातीच्या कित्येक आधार पत्रांवर पूर्ण तारखेऐवजी नुसते 'जन्म वर्ष' छापलेले असे. तेवढे प्रामाणिक उत्तर मला सगळ्या कागदावर चालले असते. जेवढे माहीत तेवढेच लिहावे, बाकी जागा कोरी सोडावी आणि कोरी जागा पाहून अर्ज परत करू नये. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना हे अर्ध्या दिवसाचे काम आहे. ते करा असे सांगायला मागणारा हवा, आणि मागणारा अजून सेवा केंद्राच्या बाहेरच्या रांगेत आहे.

आता घाई आहे ती नव्या पोरांची. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली आणि १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून नोकरीपर्यंत जन्माचा दाखला हाच तारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा झाला. गुरुजींच्या अंदाजाची वाट बंद झाली, हे एका परीने बरे. पण नोंद करायची ती जिथे जन्म झाला तिथे, आणि २१ दिवसांत. वर्ष उलटले तर कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा हुकूम लागतो. खालापूरच्या वाडीतली बाई दुसऱ्या जिल्ह्यातल्या भट्टीवर बाळंत झाली, तर एकविसाव्या दिवशी तिच्या झोपडीतून तिथल्या ग्रामपंचायतीत कोण जाणार? ती तर विटा थापते आहे, आणि उचल फिटल्याशिवाय मुकादम हलू देत नाही. त्या वर्षांत जन्मलेली मुले आता अंगणवाडीच्या वयाची होत आहेत. सहाव्या वर्षी ती शाळेच्या दारात उभी राहतील तेव्हा यंत्र तारीख मागेल. वाड्यांवर जाणाऱ्या आशा ताईंकडे गरोदर बायकांची यादी असते. दिवाळीनंतर ट्रक भरायला लागण्याआधी त्या यादीतल्या प्रत्येकीजवळ भट्टीच्या गावच्या ग्रामसेवकाचा पत्ता आणि कोऱ्या अर्जाचा एक कागद गेला, तरी पुष्कळ होईल. त्याला सॉफ्टवेअर लागत नाही.